दोन मामा

नाही, आत जाता येणार नाही — काचेतून बघ, आणि ते मठातलं तीर्थ पिशवीतच ठेव, आई, त्याला उकळलेल्या पाण्याशिवाय काही चालत नाही. दृष्ट? दृष्टबिष्ट काही लागलेली नाही माझ्या पोराला. ऐक, मलाही डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा कळलं — अंगात इवलेसे रेणू फिरतात, निरोप घेऊन. कोवळ्या पेशींना सांगतात, वाढा, रोगाशी लढायला शिका. रारेशच्या अंगातही निरोप निघतात, पण पेशींना ते ऐकायचा कानच नाही. मग त्या वाढतच नाहीत, आणि ज्या होतात त्या नुसत्या बसून राहतात. साधी सर्दीसुद्धा त्याचा घास घेईल. आणि हे येतं कुठून? आईकडून. बाईला काही होत नाही, मुलग्याला होतं — आणि तू मात्र माझ्या नवऱ्याच्या, कोस्मिनच्या घराण्याला नावं ठेवत बसलीस.

बाईंनी विचारलं, माहेरी तान्हे मुलगे दगावलेत का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं. मग औरिका मावशी फोनवर बोलून गेली — तुम्हा बहिणींना दोन भाऊ होते, दोघंही पाऊल टाकायच्या आत गेले, चर्चमागे पुरलेत. मला दोन मामा होते, आई. का लपवलंस? मला स्थळ मिळणार नाही म्हणून? बरं, मग मी पोटुशी होते तेव्हा तरी सांगायचंस. इथे जन्मल्याबरोबर सगळ्यांना बीसीजीची लस टोचतात, तशी त्यालाही टोचली — जिवंत जंतू असतात तिच्यात. इतर पोरांना ती राखते, याच्या दंडाला गळू झालं, आता ते जंतू यकृतात पोचलेत. एक शब्द बोलली असतीस तर मी सुई टोचू दिली नसती.

उद्या कोस्मिनच्या हाडातली मज्जा देणार आहेत त्याला. तिच्यातल्या पेशींना कान आहेत. रुजल्या तर वाचेल. मी? माझी नाही घेणार — अशा अवस्थेत बाईची काढत नाहीत — काही नाही, तोंडातून गेलं. पोटाकडे बघू नकोस. हो, आहे. मुलगा की मुलगी, ते कळायचंय. कोस्मिनला ठाऊक नाही, आणि आज तर मी सांगणारच नाही. हात लावू नकोस मला. तुला गप्प राहायचं चांगलं जमतं, आताही राहा. तो गोड पाव परिचारिकांना देऊन टाक आणि नीघ, तुझी सुचावाची बस चुकेल.