जितेपणी काय मिळतं?

...अन् वरून मलाच म्हणतो, वहिनी, तुम्हाला हिशेब कळत नाय. तुम्हाला सांगते, नवरा गेल्यापासून मुकुंदवाडीत खानावळ चालवते मी, उधारीवर जेवून गायब झालेली पोरं शोधून काढून त्यांच्याकडून पैसे वसूल केलेत, अन् मला हिशेब कळत नाय? म्हणणारा कोण, तर माझा दीर बन्सी, कन्नडहून जीपनं येतो, दोन ताटं जेवतो अन् शिकवतो.

विषय काय, तर माझी पॉलिसी. जन्मभराची. काही वर्षं हप्ते भरायचे, मग आपण कधीबी मरो, पैसे मागच्याला मिळणार. बन्सी म्हणला, वहिनी, यात जितेपणी काय मिळतं? मोडून टाका, कन्नडला प्लॉट घेऊ. विमाच पाहिजे तर मुदतीचा घ्या, लई स्वस्त. मुदतीचा म्हणजे? तर म्हणं पंच्याहत्तरीच्या आत मेलं तरच पैसे. अन् शहात्तरीत मेले तर? माझी चूक? आता मरणार तर हाये ना मी!

माझी प्रेरणा, लेक माझी, तिशीला आली, पण समज पहिलीतल्या पोरीएवढी. डब्यांची झाकणं लई झ्याक लावते, पण एकटीनं रस्ता ओलांडता येत नाय, कुठली नोट मोठी ते कळत नाय. बँकेत थोडं हाये, सोनं थोडं हाये, ते दुखण्याखुपण्याला. मागं कणकीचं मशीन जळलं तवा पॉलिसीवरच कर्ज काढलं, फेडलं, कुणाच्या दारात गेले नाय. पण ती पॉलिसी खरी प्रेरणासाठी, माझ्या मागं. मला मुदत घालाल हो, तिच्या भुकेला कोण मुदत घालणार? मरणार तर हाये ना मी, मग त्या मरणाचा लेकीला उपयोग नको?

तर बन्सीचा सूरच बदलला. वहिनी, मग पॉलिसीवर माझं नाव लावा, तुमच्या मागं प्रेरणाला मी बघीन, रक्ताचं नातं हाये. मी म्हणलं, व्हय, पण मी हाये तवरच बघून दाखवा. महिनाभर न्या.

नेली. लगेच फोन, ही जेवत नाय. म्हणलं, भातावर वरण ओतू नका, शेजारी वाटीत ठेवा. पुन्हा फोन, ही झोपत नाय. म्हणलं, दिवा चालू ठेवा. तर म्हणतो, लाईटबिल येतं वहिनी... आठवडा व्हायच्या आत जीप दारात, अन् हा पिशवी धरून उभा, म्हणं तिला हवा मानवली नाय. कन्नडची हवा, तिचा काय गुन्हा? प्रेरणा उतरली ती माझ्याकडं आलीच नाय. सरळ शेजारच्या महेजबीनच्या घरात शिरली, तिच्या शिलाई मशीनपाशी बसली अन् ढसाढसा रडली. महेजबीननं शिवण बाजूला ठेवलं. ताट वाढलं, वरणाची वाटी शेजारी ठेवली.

तिथंच ठरवलं. वकिलाकडून पॉलिसीचा ट्रस्ट करून घेतला, माझ्या मागं पैसा प्रेरणाचा, देखरेख महेजबीनची. बन्सी लई तापला, परक्या बाईच्या हाती देता? लोक काय म्हणतील? मी म्हणलं, लोकांना बी न्यायचं असंल तर सांगा, प्रेरणा इथंच हाये. मरणार मी हाये, लोक नाय.

झालं. वाटलं, आता सुटले, डोळे मिटायला मोकळी. कुठलं काय! सही केल्यापासनं महेजबीन माझ्या चहातली साखर चाखून बघती. "काकी, इत्ता मीठा नक्को. तुम्ही लवकर गेल्या तर मी एकटी काय करू?" अन् सकाळी चुलीवर भात असतानाच दारात उभी, प्रेरणाचा हात माझ्या हातात देती, चालायला चला म्हणती. गुडघे ओरडतात, पण ऐकतं कोण... मरायची एवढी पक्की तयारी केली बघा, अन् आता मरायला सवडच देईनात.