एक गाठ राहिली

मोझा : हसवू नकोस ना आत्या, हात हलतो. किती राहिल्या?

आत्या : चार दशा. पीळ दे, गाठ मार, की झालं तुझ्या नवऱ्याचं नेसायचं किकोय. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या अजानीआधी त्याच्या घरी पोचायला हवं. निकाहला काय उघडाच जाईल पोरगा?

मोझा : फमाऊचा नेम नाही. होड्यांच्या शर्यतीत शीड फाटलं, तेव्हा कमरेचं सोडून बांधलंच की त्यानं.

आत्या : आणि जिंकला. तिथंच तुझ्या बापाचं बिनसलं. तीस वर्षं होडी हाकणारा नाखवा, अन् हरला कुणाकडून, तर एका किकोयाकडून.

मोझा : कालही म्हणाले, निकाहला बसेन, पण वरातीत त्याच्या शेजारून चालणार नाही. सारं लामू बेट बघेल गं, आत्या.

आत्या : सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. हं, झालं. उचल, घडी घालू.

मोझा : हे संपतच नाहीये.

आत्या : ओढ की.

मोझा : ओढतेय. मागून बाबांचं निळं किकोयही येतंय.

आत्या : या अल्ला. टोकाला टोक लावून पसरली कुणी दोन्ही?

मोझा : तूच. म्हणालीस, एका बैठकीत दोन्ही होतील.

आत्या : अर्धे धागे ह्याचे, अर्धे त्याचे. वीस-बावीस गाठी असतील.

मोझा : माझ्याआधी बाबांचाच निकाह लावलास तू फमाऊशी.

आत्या : दात काढू नकोस. कात्री आण.

मोझा : कात्री नको. दशा कापलेलं किकोय पाठवलं, तर सासूबाई नातवंडांनासुद्धा ऐकवतील.

आत्या : जिन्यावर पावलं वाजतायत. बस त्याच्यावर.

बाबा : माझं किकोय झालं का?

मोझा : झालं, बाबा. जरा जास्तच झालं.

बाबा : उठा पाहू दोघी.

(दोघी तोंडाला पदर लावून चटईवरून उठतात.)

बाबा : हे निळं माझं. आणि हे दुसरं?

आत्या : जावयाचं. शेकुवे, भावा, रागावू नकोस. बोलण्याच्या नादात झालं.

बाबा : शिडाचं दाभण आण, मोझा. आणि हसायचं तर बाहेर जाऊन हसा, मला गाठ दिसू दे.

मोझा : मी धरते टोक. सुटतील ना?

बाबा : वादळात भिजलेले दोर सोडवलेत मी. ही कुणी मारली?

मोझा : मी.

बाबा : घट्ट आहे. चांगली आहे.

आत्या : हात चालव रे, अजान होईल.

बाबा : झालं. घाल घडी.

मोझा : बाबा, एक राहिली. कोपऱ्यातली.

बाबा : दिसतेय मला.

आत्या : अरे, मग तुझंही किकोय त्याच्याच घरी जाईल.

बाबा : जाऊ दे. तिथंच जाऊन नेसेन.

मोझा : आणि वरातीत?

बाबा : त्याला निरोप दे, हळू चाल म्हणावं. माझा गुडघा दुखतो.