डोनाला दिलेला अर्धा तास

माझं माहेर धरणात गेलं. घरं मोजली आणि आम्हाला ट्रकात घालून उजाड माळावर नेऊन टाकलं. तिथे पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडून भांडून मी घासाघीस शिकले. आज इथे टेक्सासात, फ्रिस्कोत दोनशे पानांचा स्वयंपाक एकटी उठवते, कुणाच्या मेहेरबानीवर नाही, हे लिहून घ्या.

डोना मला पिकान पुरवते, म्हणजे इकडचे अक्रोडासारखे दाणे, मी लाडवात घालते. ती कॅडो जमातीची, ओक्लाहोमात राहते. हा मुलूख तिच्या पूर्वजांचा, इथून त्यांना हाकलून तिकडे नेलं. भावात एक पैसा उतरत नाही बाई, म्हणूनच आमचं जमलं.

आमच्या मंडळाचा सेक्रेटरी निखिल मला म्हणाला, काकू, गणपतीत आपण लँड अॅक्नॉलेजमेंट करू या, ह्या जमिनीच्या मूळ लोकांचं नाव घ्यायचं, हल्ली सगळे करतात, तुमच्या ओळखीत एक नेटिव्ह बाई आहेत ना? मी म्हटलं, नुसतं नाव नाही, ऐकावं लागेल, अर्धा तास. तो पाच मिनिटं म्हणाला, पंधरा म्हणाला, शेवटी अर्ध्या तासावर आणला त्याला. आणि मी डोनाला शब्द दिला.

काय सांगू तुम्हाला! कार्यक्रम तासभर उशिरा. मग आमचा स्पॉन्सर, घरं विकणारा, पडद्यावर नवे प्लॉट दाखवत बसला, ह्याच जमिनीवरचे, लाज नाही. मग डोना उठली. जमातीच्या मुलांना घरातून उचलून सरकारी वसतिशाळेत घालत, तिथे तिच्या आजीचे केस कापले, आपल्या भाषेत बोलली म्हणून मारलं, एवढं सांगेतो तीन मिनिटं झाली आणि निखिल शाल-श्रीफळ घेऊन पुढे. टाळ्या, फोटो, जेवण तयार आहे. आपल्यात माणसाला गप्प करायचं असलं की शाल पांघरतात. अध्यक्षबाई मला म्हणतात, शी वॉज सो स्वीट ना! स्वीट!

माझं डोकं फिरलं. जेवण माझंच होतं, सगळ्या भांड्यांवर झाकणं घातली आणि ओरडले, हिचं बोलणं पुरं होईपर्यंत एक पोळी मिळणार नाही. कुणी म्हणालं, यार, मुलं भुकेली आहेत. निखिल म्हणाला, काकू, प्लीज, सीन नको. पण बसले सगळे, रिकाम्या थाळ्या मांडीवर घेऊन.

डोनानं शाल घडी करून टेबलावर ठेवली, वर नारळ. म्हणाली, शैला, उघड ती झाकणं. पोळीसाठी थांबलेल्यांना मला माझी आजी सांगायची नाही. आणि गेली.

दोन आठवडे फोन उचलला नाही तिनं. शेवटी मी ओक्लाहोमाला तिच्या दारात जाऊन उभी राहिले, चुकले म्हणाले. असं मी नवऱ्यालाही कधी म्हटलेलं नाही. तिनं खुर्ची दिली, अट घातली की मध्ये बोलायचं नाही. मी, मी दोन तास गप्प बसले! आता महिन्यातून एकदा जाते.

परवा मंडळाची मेल आली, यंदासाठी दुसरं कुणी सुचवा. सुखी राहा रे बाबांनो, गणपती बुद्धी देवो तुम्हाला. मी कुणाला पाठवणार नाही. ऐकायचंय तर गाडी काढा, साडेतीन तासांचा तर रस्ता आहे.