सुवाच्य प्रत

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. माझ्याबद्दल आत्ताच इतकं गोड बोललेले मुख्य सर्जन साहेब. त्यांच्या शेजारी, नेहमीप्रमाणे अगदी शेजारी बसलेले आपल्या रुग्णालयाचे वकीलसाहेब. सर्व विभागांतले सहकारी. पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेली माझी बायको. आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे दाराशी उभ्या असलेल्या सिस्टर, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

एकतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळून आज मी निवृत्त होतोय. भेट म्हणून तुम्ही मला पेन दिलंत. माझ्या हातात पेन द्यायची या रुग्णालयाची सवय तशी जुनीच!

सर्जन साहेबांनी माझ्या मोत्यासारख्या अक्षराचं कौतुक केलं. डॉक्टरांचं अक्षर कसं असतं ते तुम्ही जाणताच. कुणी दावा ठोकला आणि कोर्टानं केसपेपर मागितला की साहेब म्हणायचे, "अहो, जरा सुवाच्य करून द्या." सुरुवातीला मी खरोखर तेवढंच करत असे. पुढे अक्षराबरोबर मजकूरही सुधारू लागला. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. माझ्या पेनानं कितीतरी जणांचा ताप उतरला. एका दगावलेल्या पेशंटला तर मी दोन दिवस जास्त जगवलं. औषधाचा थेंबही न देता इतके रोगी बरे करणारा दुसरा कोण आहे या इमारतीत?

बायको खुणावते आहे, आटपा म्हणून. आटपतोच.

गेल्या वर्षी सर्जन साहेबांनी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं पोटाचं ऑपरेशन केलं. पोट दुखायचं थांबेना. आठ महिने त्या आपल्याकडे खेटे घालत होत्या आणि आपण त्यांना सांगत होतो, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता." अखेर दुसऱ्या रुग्णालयात पोट उघडलं, तर आत रक्त टिपायला वापरलेल्या आपल्याच गॉजचा बोळा! त्यांनी दावा लावला. कोर्टात आपला कागद गेला: "गॉजची मोजणी बरोबर." अक्षर माझं. अतिशय सुवाच्य.

त्यानंतर त्या एकदा माझ्या खिडकीशी आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "काका, मी टाचण्या मोजून लावते, मोजून काढते. गिऱ्हाइकाच्या कपड्यात आजवर एक राहिली नाही हो. आणि हा तर माझा जीव होता."

मला तेव्हा लाज वाटली. आजही वाटते. घरी जाऊन मी जेवलो नाही, आणि का ते हिलाही सांगितलं नाही. आज सांगतोय, तेही माईकवर. रागावू नकोस.

आता सर्जन साहेब, माझी एक खोड तुम्हाला ठाऊक नाही. सुवाच्य प्रत केल्यावर मूळ कागद फाडायचा असतो, असं तुम्ही सांगितलं होतंत. मी रेकॉर्डकीपर. कागद फाडायला माझा हातच धजत नाही. एकूण एक मूळ कागद मी जपून ठेवलाय. बाईंच्या कागदावर सिस्टरांनी जागच्या जागी लिहिलंय: "तीस दिले, एकोणतीस परत. सरांना सांगितलं. सर म्हणाले, शिवून टाका." या सिस्टर कोण? त्याच, दाराशी उभ्या आहेत त्या. एवढं नीट मोजता येतं म्हणून आपण त्यांना चादरी मोजायला धुलाई विभागात पाठवलं.

कोर्टानं परवाच्या तारखेला मूळ कागद मागवलाय. "तो वाळवीनं खाल्ला," असं उत्तर वकीलसाहेबांनी तयार ठेवलंय. वाळवी बिचारी निरपराध आहे, वकीलसाहेब. आज दुपारी साडेतीनला, म्हणजे नोकरीत असतानाच, मी तो कागद कोर्टात जमा केला. सोबत माझा जबाबही दिला, कुणाच्या सांगण्यावरून काय बदललं ते. कोर्टानं दिलेली पोच आपल्या जावक रजिस्टरला चिकटवली आहे. माझी शेवटची नोंद.

साहेब, पाणी घ्या.

फुलांबद्दल, चहाबद्दल आणि इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल आपला ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. लिहिण्यात जे झालं त्याची माफी मात्र इथे मागत नाही. ती परवा त्या बाईंसमोर, कोर्टात मागणार आहे.

सिस्टर, पुढे या. माझी खुर्ची रिकामी झाली आहे.