दोन नळ्या आणि चमचाभर चहा

अहो, हवेची नळी आणि अन्नाची नळी एकमेकींना खेटून, आणि वर दार एकच! तुम्हाला सांगतो, हे ज्याने केलं त्याला... आणि कोणी केलंच नसेल, तर मग मी भांडू कुणाशी?

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि गिळणं गेलं. नाकातून नळी घातली, पोटात सगळं जातंय, जिभेवर काही नाही. माणूस एकच मागतोय, "चहा... चमचाभर." शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. आता फार दिवस नाहीत म्हणाल्या, द्या हवा तर, पण श्वासात गेला तर गेला, घरच्यांनी एकमताने ठरवा. एकमताने! आमच्या घरी!

मी चहा घेऊन आलो, तर खाटेच्या या अंगाला दादा, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, आणि त्या अंगाला दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कारखान्यात पंपांची डिझाइनं काढतात. दाजी म्हणाले, देऊ या, ज्याने घसा घडवला त्याने हवेच्या नळीवर झाकणही विचार करूनच दिलंय. झालं! दादा उसळला. कसला विचार? माशापासून माणसापर्यंत नुसती ठिगळं लावत आलंय हे, झाकण ही मागाहूनची डागडुजी, तिच्यावर मी बाप सोपवू? मग म्हणतो, "दाजी, असा पंप काढलात तर कारखान्यात ठेवतील तुम्हाला?"

दाजींचा चेहरा पडला. "नाही ठेवणार," म्हणाले. "पण पंप कधी गातो का रे? बाबा गायचे. याच घशातून."

वडील आपले एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे. दार एकच, आणि दारात दोन वकील! तेवढ्यात वडीलच बोलले, जड जिभेने, "तुमचं... ठरलं... की सांगा."

दोघांच्या माना खाली. द्यायचं ठरलं. पण चहावर साय धरलेली! मी धावलो, गरम करून आणला, तोवर... गेले. ठसका नाही, धाप नाही, अगदी शांत.

कप माझ्या हातात. ओतून टाकवेना. उभ्याउभ्या मीच प्यायलो, आणि लागला ना मला ठसका! दार एकच, तुम्हाला सांगतो, त्यातूनच चहा आणि त्यातूनच हुंदका, जाणार कुठे? दादाने पाठ थोपटली आणि चक्क म्हणाला, "बाबांनी आठवण काढली." जीवशास्त्रवाला! मी दाजींकडे बघितलं. दाजी डोळे पुसत म्हणाले, "बरोबर आहे."

झालं एकदाचं एकमत. चहा संपल्यावर.