नवव्या मजल्यावरची कंपनी

मी पुण्याजवळच्या मांजरी गावची. माहेर बी तिथलंच आन सासर बी तिथलंच, उसाच्या पाचटात पाय कापून घेत वाढलेली, शाळा चौथीपतुर. मग आजूबाजूला इमारती झाल्या, शेतातलं काम सरलं, तशी मी खराडीला हाफिसात फरशी पुसाया लागले, त्याला झाली बारा वर्सं, एकाच इमारतीत. काय सांगू तुमाला, कुटल्या मजल्यावर चहा सांडत्यात, कुटला साहेब बूट न पुसता आत येतो, समदं ठावं.

तर माझी पोरगी वर्षा. बी.कॉम. झालीया, दवाखान्यात नंबर लिहून घ्यायचं काम करती. तिला स्थळ आलं ते मोबाईलवरनंच, लग्न जुळवायचं ते असतंय ना, त्याच्यावरनं. पोरगा दिसाया गोरागोमटा, फोनवर लई गोड. म्हनला मी म्यानेजर हाय, लगीन साधंच करू पर म्हयन्याच्या आत करू, मला परदेशी जायाचंय. मी म्हनलं एवढी घाई कशापायी, तर आमचे मालक म्हनले तुला मेलं चांगलं काय दिसतच न्हाई, नेटवर बघितलंय आमी समदं. वर्षानं मोबाईल दावला, आई हे बघ कंपनीची साईट, हे हाफिस, ही माणसं, हे ह्याचं नाव. माणसं समदी हसत व्हती. हाफिसात एवढं कुनी हसत न्हाई वो, मी रोज बघते. म्हनलं पत्ता वाच. तिनं वाचला, तर आमच्याच इमारतीचं नाव. नववा मजला.

म्हनलं परत वाच. नववाच.

आमची इमारत सात मजल्यांची हाय. सातव्याच्या वर पान्याच्या टाक्या आन कबुतरं.

मालक म्हनले लिहिताना चुकलं आसंल. पोरगी तर चिडलीच, तुला माझं बरं झालेलं बघवत न्हाई म्हनली. पोटच्या पोरीनं आसं म्हनावं. दुसऱ्या दिशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मॅडमला मी त्या साईटवरचा हाफिसाचा फोटो दावला. तिनं तो नेटवर टाकून शोधला, तर तेच हाफिस, तीच हसनारी माणसं आनखी चार कंपन्यांच्या साईटवर, आन ही साईट तर दोन म्हयन्यांपूर्वीच केलेली.

घरी येऊन सांगितलं. वर्षानं माझ्यापुढंच त्याला फोन लावला, आई भेटाया येती म्हनली, हाफिस कुटं नक्की. तो म्हनला या की, लिफ्टनं नवव्या मजल्यावर. मी फोन घेतला, म्हनलं बाळा, मी त्याच इमारतीत फरशी पुसते, नववा मजला दाव मला. मग फोन कट. परत लागलाच न्हाई, त्याचं नाव बी त्या साईटवरनं गेलं.

पोरगी आठ दिस माझ्याशी बोलली न्हाई. जसं काय खोटं मीच बोलले व्हते. मग एक दिस भाजी निवडताना आपसूक म्हनली, आई, मी पत्ता वाचला व्हता गं, बघितला न्हवता.

आता हडपसरचं स्थळ आलंय, पोरगा वायरमन. मी न सांगता जाऊन बघून आले, शिडीवर चढून तारा जोडत व्हता. खरा हाय. तरी माझं मन म्हनतंय शेजारीपाजारी इचार. वर्षा म्हनती आई, आता बास. बास तर बास. सुखी ऱ्हावा दोघं, माझा आशीर्वाद हाय, फकस्त रविवारी त्याच्या मावशीकडं एक चक्कर मारून येते.