डोळे मिटलेले असताना

एल्डोरेटच्या स्टँडवर मटाटूसाठी, म्हणजे शेअर व्हॅनसाठी, लोकांची रांग लांबली होती. बँकेतलं काम संपवून आलेल्या केमुंटो नावाच्या तरुणीच्या पुढे एका डेअरीत काम करणारी दोघं उभी होती, चेप्टू आणि सिमियू.

“मी आज दुधाच्या गाडीवर होतो. मीटिंगमध्ये बोलू दिलं का तुला?”

“मला कधी बोलू देतात? ‘चेप्टू, सुरुवातीची प्रार्थना सांग,’ म्हणाले साहेब. प्रार्थना झाली की माझं काम संपलं. मग तुम्ही पुरुषमंडळी बोलणार.”

“म्हणजे दुधाच्या गाडीचं राहिलंच.”

“नाही, काढलं की.”

“कधी?”

“प्रार्थनेतच.”

“काहीतरीच काय.”

“म्हटलं, हे प्रभो, आमची गाडी गावात उशिरा पोचते. तोवर बायकांनी पहाटे काढलेलं दूध दुसरी डेअरी घेऊन जाते. आमच्या साहेबांना गाडी अंधारातच सोडायची बुद्धी दे.”

“आणि साहेबांनी ऐकून घेतलं?”

“प्रार्थना मध्येच कोण तोडणार? सगळे डोळे मिटून, माना खाली घालून उभे. कुठला रस्ता, कुठला ड्रायव्हर, सगळं देवाला नीट समजावून सांगितलं.”

“मग?”

“मग सगळे आमेन म्हणाले. साहेब तर सगळ्यात मोठ्याने.”

“आता नाही कसं म्हणतील बिचारे.”

“सोमवारपासून गाडी पहाटे सुटतेय. आणि सिमियू, यापुढे प्रार्थना माझ्याऐवजी तू सांगायचीस, असंही ठरलंय.”

मटाटू आली. रांग पुढे सरकली. केमुंटोने चेप्टूच्या खांद्याला हळूच हात लावला.

“ताई, आमच्या बँकेतही मीटिंगची प्रार्थना मलाच सांगायला लावतात. किती लांबवली तर चालते?”